आऊट काढणारे जनूदादा

जनूदादा भोईर माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, गुडघ्यांकडे बघतात. विचुंब्यातल्या त्यांच्या घरासमोरून रोज सायकलवर जाणाऱ्या लोकांची नावं त्यांना ठाऊक नाहीत, पण "उजवा गुडघा बाहेर काढून मारतो तो" म्हटलं की माणूस लगेच त्यांच्या डोळ्यांसमोर येतो.

माझी त्यांची ओळखही गुडघ्यांवरूनच झाली. डॉक्टरांनी साखरेच्या नावाने घाबरवल्यावर मी सायकल घेतली होती. दर रविवारी सकाळी नवीन पनवेलमधल्या घरून निघायचं, जमेल तिथवर जायचं आणि धापा टाकत परत यायचं. एका रविवारी उड्डाणपुलाच्या चढावर मी अंगातलं सगळं वजन टाकून एकेक पेडल खाली दाबत होतो. शेजारी एक काळी लोखंडी सायकल आली. सायकल जुनी, पण मागचे गियर कुठूनतरी आणून बसवलेले. वर पासष्टीच्या पुढचे एक गृहस्थ. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून पायाशी कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. ते मिनिटभर माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बावन्न."

मला जरा लागलंच ते. "अठ्ठेचाळीस," मी म्हटलं.

"नाय. बावन्न. मी मोजले ना."

"अहो, माझं वय मला माहीत असेल की नाही?"

"वयाचं कोण बोलतंय? पाय मिनिटाला बावन्न वेळा फिरतात तुमचे. नव्वद पायजेत. हलका गियर टाका, नायतर गुडघे जातील." एवढं बोलून ते पुढे निघून गेले. धाप नाही, घाई नाही. पाय शिलाई मशीनच्या चाकासारखे फिरत होते.

पुढे पुलाखालच्या चहाच्या टपरीवर ते माझी वाट बघत उभे होते. मी येण्याआधी त्यांचा चहा संपलेला होता. ज्याला मी इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून 'केडन्स' म्हणायला शिकलो होतो, त्याला जनूदादा 'चाल' म्हणतात. त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं: जोर पायात नको, फेऱ्यात पाहिजे. "दाबायचं नाय, फिरवायचं," ते टपरीवर हवेत बोट फिरवून मला दाखवत होते. "तुमी पेडल दाबता तवा सायकलला हिसका बसतो. हिसका बसला की चाक रडतं. चाक रडलं की गुडघा रडतो."

पुढचे सहा महिने मी रविवारी त्यांच्या मागून सायकल मारली. रडण्याचा हा क्रम माझ्या बाबतीत उलट होता. आधी मी रडायचो. पाय नव्वदवर नेले की मी सीटवर उड्या मारायला लागायचो आणि जनूदादा पुढून, मागे न बघता, नुसत्या आवाजावरून सांगायचे, "बसा. घोड्यावर नाय बसलात. पायाची बोटं सैल सोडा. खांदे कानाला लावू नका." हळूहळू जमलं. बावन्नचे साठ झाले, सत्तर झाले. एका रविवारी ते "चौऱ्याऐंशी" म्हणाले, तेव्हा घरी येऊन मी तो आकडा बायकोला सांगितला. मेधाला वाटलं माझी साखर उतरली.

मोजणं हे जनूदादांच्या अंगातच आहे. मिक्सर, पंखा, आरतीच्या टाळ्या, सगळ्यांचं त्यांच्याकडे माप आहे. एकदा त्यांनी मला पुतण्याच्या हळदीला बोलावलं होतं. मंडपात बँड दणदणत होता, दोनशे माणसं नाचत होती आणि जनूदादा खुर्चीवर बसून मनगटावरचं घड्याळ बघत होते. मग उठले, बँडवाल्यापाशी गेले आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. बँडवाला आधी हसला. पण नवरदेवाचा मोठा काका म्हटल्यावर त्याला ऐकावं लागलं आणि वाजवणं संथ झालं. नाचणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर कुणीतरी पंखा बंद केल्यासारखी कळा आली. जनूदादा परत खुर्चीवर बसले. "एकशे तीसनी वाजवत व्हता," ते मला म्हणाले. "ह्या चालीनी नाचले तर जेवणापर्यंत टिकणार नायत." शेवटी नवरदेवाच्या आईने येऊन त्यांना मंडपाबाहेर आइस्क्रीमच्या टेबलावर बसवलं. आत बँड पूर्ववत सुरू झाला.

त्यांचं घर तीन मजली आहे, स्टीलच्या कठड्यांचं. दोन मुलगे बांधकामाच्या सामानाचा धंदा करतात. दोघांच्या पांढऱ्या गाड्या बाहेर उन्हात उभ्या असतात, कारण घराखालच्या पार्किंगमध्ये जनूदादांची चाकं टांगलेली असतात. तिथेच एका मोडक्या सायकलचा पुढचा भाग फळीवर उलटा बसवून त्यांनी चाक फिरवायचं स्टँड बनवलं आहे. चाक त्यात अडकवायचं, फिरवायचं, कुठे डावी-उजवीकडे हलतं ते बघायचं आणि स्पोक आवळून-सैल करून ते सरळ करायचं. याला आऊट काढणं म्हणतात. गावातल्या कुणाचाही आऊट ते फुकट काढून देतात, फक्त काम चालू असताना समोर बसून त्यांचं ऐकावं लागतं. त्यामुळे गावातले बरेच लोक वाकडी चाकं घेऊन फिरतात.

आमचं भांडण चाकांवरूनच झालं. माझी चाल सुधारली होती, आता सायकल सुधारावी असं माझ्या मनाने घेतलं. तीन महिने मी रोज संध्याकाळी चाकांचे व्हिडिओ बघत होतो. "आपल्या लग्नाच्या वेळी तू माझी एवढी चौकशी केली नव्हतीस," मेधा म्हणाली. शेवटी मी कार्बनची, उंच कडांची चाकं मागवली. काळीभोर, चकचकीत. अशी चाकं वारा कापतात, असं सगळे व्हिडिओवाले सांगत होते. मी ती घेऊन थेट विचुंब्याला गेलो.

जनूदादांनी चाक हातात घेतलं. नखाने एकेक स्पोक छेडत आवाज ऐकला. मग मोजले. मग परत मोजले.

"अठराच हायत," ते म्हणाले. "बाकीचे कुठं पडले?"

"पुढच्या चाकाला एवढेच असतात. वजन कमी, वारा कमी."

"ही एवढी भिंत कशाला?" त्यांनी उंच कडेवर हात फिरवला.

"समोरचा वारा कापते."

"समोरचा कापंल. आडवा आला तर? उरणच्या रस्त्याला खाडीवरनं वारा आडवा येतो. तुमी बासष्ट किलोचे. पतंग व्हाल." त्यांनी अंगठ्याने टायर दाबून बघितला. "आणि हवा किती मारलीय? दगड केलाय टायरचा. आपल्या रस्त्याला रुंद टायर, हवा थोडी कमी आणि बत्तीस स्पोकचं बुटकं चाक. बाकी सगळी शोभा."

मी त्यांना बरंच काही सांगितलं. परदेशातल्या शर्यती, बोगद्यात वारा सोडून केलेल्या चाचण्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोगद्यात आडवा वारा व्हता का?" मी चिडून निघालो. पुढचे दोन रविवार आम्ही एकत्र निघालो, पण चाकांविषयी कुणी बोललं नाही.

तिसऱ्या रविवारी आम्ही उरणच्या बाजूला, चिरनेरला गेलो. जाताना माझी चाकं अशी गात होती की मी दोनदा जनूदादांच्या पुढे गेलो. येताना ऊन चढलं आणि खाडीकडून वारा सुटला. रस्त्याच्या कडेला कंटेनरच्या गाड्यांची लांबलचक रांग उभी होती. तिच्या आडोशाला वारा लागत नव्हता. ती रांग संपली आणि पुढच्याच क्षणी कुणीतरी खांद्याने ढकलावं तसं माझं पुढचं चाक बाजूला गेलं. मी रस्त्यावरून उतरून चिखलात पडलो, डाव्या खांद्यावर. काहीतरी मोडल्याचं मला आतून ऐकू आलं.

जनूदादा सायकल टाकून धावत आले. गळ्यातला टॉवेल सोडून त्याची झोळी केली, माझा हात तिच्यात अडकवला आणि रस्त्याच्या मध्ये उभं राहून त्यांनी पहिलाच टेम्पो थांबवला. तो मासळीचा होता. पुढे ड्रायव्हरशेजारी एक कोळीण मावशी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, काही न विचारता खाली उतरली आणि मला तिच्या जागेवर बसवलं. ती स्वतः जनूदादांबरोबर मागे बर्फाच्या खोक्यांवर बसली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी माझा खांदा तपासायच्या आधी खिडकी उघडली.

खांद्याजवळचं कॉलरबोन मोडलं होतं. दोन महिने सायकल बंद. मेधा धावत आली आणि तिने जनूदादांना विचारलं, "कसा काय पडला हा?"

मी डोळे मिटून घेतले. आता ती भिंत येणार, ते अठरा स्पोक येणार, पतंग येणार.

"वारा व्हता," जनूदादा म्हणाले. "कोणपण पडला असता."

त्यानंतर एकदाही, कधीही, ते त्या चाकांबद्दल बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दाराची बेल वाजली. दारात जनूदादा उभे होते. एका हातात त्यांचं स्टँड, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत स्पोक, चाकाच्या मधले हब आणि बुटक्या कडेची दोन साधी रिंगं. "तुमी पडून हाय तंवर चाकं बांधून टाकू," ते म्हणाले आणि आमच्या बाल्कनीत मांडी घालून बसले. मेधाने त्यांना एकेक स्पोक हातात द्यायचा, असं आपोआप ठरलं. कुठला स्पोक कुणावरून आणि कुणाखालून जातो, हे ती माझ्याआधी शिकली. चार दिवसांत दोन्ही चाकं तयार झाली. जनूदादांनी ती फिरवली. केसभरही हलत नव्हती.

पाचव्या दिवशी अकरा वाजता परत बेल वाजली. "जरा आऊट बघतो," ते म्हणाले. सहाव्या दिवशीही. तिसऱ्या आठवड्यात मेधा मला स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "ते चाक सरळच आहे रे. ते रोज एक स्पोक सैल करतात आणि परत आवळतात. मी बघितलंय."

"घरी काम नसेल," मी म्हटलं.

"घरात अकरा माणसं आहेत म्हणे. सकाळी साडेनऊला सगळी आपापल्या वाटेने जातात. मला विचारत होते, तुमी दुपारी जेवताना टीव्ही लावता का?" त्या दिवसापासून ती कुकरमध्ये एक वाटी तांदूळ जास्त लावू लागली. जनूदादा रोज "नको, नको" म्हणत आणि रोज जेवत.

सहाव्या आठवड्यात मी फार चिडचिडा झालो होतो. एका सकाळी जनूदादा आले ते पिशवीशिवाय. "खाली चला," म्हणाले. खाली एक उंच, जुनी सायकल उभी होती. गियर नाही, पण पुसून लख्ख केलेली आणि मागे रुंद कॅरियर.

"डॉक्टरांनी मला सायकल बंद केलीय," मी म्हटलं.

"चालवायची बंद केलीय. बसायची नाय."

मागोमाग खाली आलेली मेधा डॉक्टरांना फोन करायला निघाली होती, पण जनूदादांकडे बघून थांबली. "सांभाळून न्या," एवढंच म्हणाली. मी ऑफिसात चाळीस लोकांचा साहेब असलेला माणूस, हात झोळीत अडकवून कॅरियरवर एका बाजूला पाय सोडून बसलो. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने सलाम करण्यासाठी उचललेला हात अर्ध्यावरच राहिला. आम्ही सेक्टर ओलांडून विचुंब्याच्या रस्त्याला लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की सायकलला हिसका असा लागतच नाही. खड्डा यायच्या आधी जनूदादा सीटवरून किंचित उठत, पाय मात्र तसेच फिरत राहत.

"हे कुठे शिकलात तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी एक खड्डा चुकवला. मग समोर बघतच म्हणाले, "आमची मंडळी पोटुशी व्हती, मोठ्याच्या टायमाला. तवा हा रस्ता नव्हता. शेताचे बांध आणि दगड. रिक्षा येत नव्हती. दवाखाना पनवेलला. मी आठ दिस आधी सायकल तयार केली. मागलं चक्र मोठं टाकलं, म्हणजे पेडल हलकं पडंल. हवा कमी केली. चाकांचा आऊट काढला. मंग गोणीत तांदूळ भरून कॅरियरला बांधला आणि पनवेलपर्यंत जाऊन-येऊन बघितलं. हिसका बसला की परत मागं यायचं, परत निघायचं. आठ दिस."

"मग?"

"मंग नेली. दवाखान्याच्या दारात उतरली आणि बोलली, सायकल चालली कवा ते कललाच नाय." ते थोडं हसले असावेत, पाठीवरून तसं वाटलं. "पुढं चाळीस वर्सं बसली मागं. बाजाराला, लग्नाला. मुलांनी गाडी घेतली तरी हिच्यावरच बसायची. तीन वर्सं झाली गेली त्याला. तवापासून मागं कोण बसला नव्हता."

डाव्या हाताला नवीन इमारती होत्या, त्यांच्या मध्ये एक भाताचं खाचर अजून शिल्लक होतं. पुढे रस्त्यावर मोठा गतिरोधक होता. जनूदादांनी वेग कमी केला, सीटवरून किंचित उठले आणि मान जराशी मागे वळवून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "घट धर गो."

ते काय बोलून गेले हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांचे पाय फिरत राहिले. मी चांगल्या हाताने सीटची स्प्रिंग घट्ट धरली.