तेलगोटे सिस्टर आणि घोडेवाला गेम

"पोटातल्या लेकराचं बारसं करता का बे तुमी?"

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते दवाखान्यात नाही, इमरानच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात. काउंटरवर मी उभा होतो. दिवाळीनंतर येणाऱ्या एका गेमचं आगाऊ बुकिंग करत होतो आणि पाकीट अर्धं बाहेर आलं होतं. मागे वळून पाहिलं तर फिकट जांभळ्या साडीतल्या, खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या साठीच्या एक बाई उभ्या. मला वाटलं, रिचार्ज मारायला आल्या असतील.

"थो गेम बाहेर आला काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कोणं खेळून पाह्यला काय?"

"नाही, पण ट्रेलर पाहिलाय ना..."

"पोट पाहून पोरगं का पोरगी सांगणं कायद्यानं गुन्हा हाय," बाई म्हणाल्या. मग चष्मा वर करून भिंतीवरची जाहिरात वाचली. "अन हे काय? आधी बुक केलं त सोन्याचं खोगीर फुकट? खोगीर देऊन राह्यले, पण घोडा कुठी हाय?"

माझं पाकीट आपोआप खिशात गेलं. इमराननं कपाळाला हात लावला.

"सिस्टर, मेरेइच दुकान में बैठ के मेरेइच गिराइक भगाते तुम!"

या तेलगोटे सिस्टर. मूळच्या अकोटच्या. सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात झाली, आधी अकोल्याला, मग अमरावतीला. अर्धं गाव आपल्या हातावर जन्मलं असं त्या सांगतात, आणि ते खोटं नसावं. एकदा मी त्यांना गाडीवर मागे बसवून नेत होतो, तर राजापेठेत वाहतूक पोलिसानं अडवलं. रस्त्याच्या भलत्याच बाजूला उभा होता, त्यामुळे मला दिसलाच नव्हता. सिस्टरनी त्याच्या छातीवरचं नाव वाचलं, आईचं नाव विचारलं आणि म्हणाल्या, "तू पायाकडून आला होता. किती तरास देला तुया मायले! अजून उलट्याच बाजूनं उभा राह्यतं का?" त्यानं बाजूला होऊन आम्हाला वाट दिली.

गेमचा नाद त्यांना लागला तो भाच्यामुळे. भाच्याला पुण्यात नोकरी लागली. खोली लहान, म्हणून त्यानं आपला कन्सोल मावशीकडे आणून दिला आणि माळ्यावर टाकायला सांगितला. आता, सिस्टर कोणतीही वस्तू चालते की नाही हे तपासल्याशिवाय माळ्यावर टाकत नाहीत. म्हणून त्यांनी तो टीव्हीला जोडून पाहिला. पुढच्या दिवाळीत भाचा कन्सोल न्यायला आला तेव्हा मावशी सोफ्यावर मांडी घालून बसली होती. "थांब जरासा," ती म्हणाली, "हा राक्षस मरू दे." भाचा थांबला, फराळ केला, निघून गेला आणि पुण्यात नवा कन्सोल घेतला.

दर रविवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, आमची बैठक असते. इमरान, विम्याच्या कचेरीतला मी, अकोल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा प्रशांत, आणि सिस्टर. प्रशांत सकाळच्या गाडीनं येतो. बायकोला सांगतो की संशोधनाचं काम आहे. कोपऱ्यावरून गिला वडा येतो, चहा येतो आणि या मोसमात काय घ्यायचं यावर चर्चा सुरू होते. चर्चा म्हणजे आम्ही तिघं बोलतो आणि सिस्टर निकाल देतात.

त्यांची भाषा कळायला आम्हाला थोडा वेळ लागला. गेमची तारीख पुढे ढकलली की आम्ही कंपनीला शिव्या देतो. सिस्टर म्हणतात, "दिवस वर गेले त जाऊ द्या. मायलेकरं सुखरूप सुटली पायजेत." घाईघाईत आलेला, धड न चालणारा गेम म्हणजे सातव्या महिन्यातला. "बाहेर काढला, अन आता बोटं जोडून राह्यले त्याले!" जुन्याच गेमला रंगरंगोटी करून पुन्हा विकायला आणला तर "मागच्याच लेकराले नवं झबलं." फुटबॉलचा गेम दरवर्षी नवा येतो, त्यावर तर त्या खऱ्याखुऱ्या चिडतात. "वर्साले एक! पाळणा लांबवा म्हणून सांगाले कोणी नाही का त्याईच्या घरी?"

प्रशांत डिस्क घेत नाही, सगळं इंटरनेटवरून उतरवतो. सिस्टरना हे अजिबात पटत नाही. त्या डिस्कची डबी हातात घेतात, उलटी करतात, हलकेच तोलून पाहतात. कशासाठी तोलतात ते आम्ही कधी विचारलं नाही. प्रशांतनं एकदा विचारण्यासाठी तोंड उघडलं होतं. सिस्टरनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्या उघड्या तोंडात त्यानं गिला वडा घातला.

एवढं सगळं ऐकून कोणाला वाटेल की बाई मारधाडीच्या गेममध्ये धुमाकूळ घालत असतील. तसं नाही. सिस्टर रोज सकाळी वंदना झाल्यावर खेळायला बसतात आणि कोणाला मारत नाहीत. "पंचशील घेतलेली बाई हाय मी," त्या म्हणतात. "जीव घेणं आपल्याच्यानं होत नाही." लढाईच्या ऑनलाइन गेममध्ये त्या औषधाची पेटी घेतलेला शिपाई होतात आणि पडलेल्यांना उठवत फिरतात. कुठल्या कुठल्या गावची माणसं त्यांच्या संघात असतात. एकदा मी त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा त्या माइकवर इंदूरच्या कोणाला तरी झापत होत्या. "अरे, अबी तो पट्टी बांधी मैंने तुम्हारी! फिर कायकू गोली के सामने गए? लेटे रहो चुपचाप!" पलीकडून अतिशय नम्र आवाज आला, "जी सिस्टर."

"मग भाचा आला तेव्हा तुम्ही तो राक्षस कसा मारत होतात?" मी विचारलं. "अन भुताच्या गेममध्ये तर तुम्ही बंदूक घेऊन फिरता!"

"राक्षसाचं सोड, तवा नवीन होती मी. अन भुतं त मेलेलेच असतात ना बाप्पा," सिस्टर म्हणाल्या. "मेलेल्याले मारल्यानं शील नाही मोडत."

तर, तो घोडेवाला गेम. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, आम्ही सगळे घोडेवालाच म्हणायचो. दिवाळीनंतर यायचा तो उन्हाळ्यात येणार झाला, मग पावसाळ्यात. इमरानचा त्याच्यावर फार जीव. ट्रेलरमधला तो घोडा नदी ओलांडतो, पलीकडे जाऊन अंग झटकतो, तेवढं दृश्य इमरान दुकानातल्या टीव्हीवर पुन्हा पुन्हा लावायचा. "देखो, पानी का एक-एक बूंद दिखता!" गिऱ्हाइकांपेक्षा तोच जास्त पाहायचा. सिस्टरनी मात्र एकदाही चांगलं म्हटलं नाही. "येऊ दे. मंग पाहू."

याच काळात इमरानच्या बायकोला, नाझनीनला, दिवस गेले होते. दुकानाच्या वरच त्यांचं घर. एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली होती. जगातल्या प्रत्येक गेमचं बाळंतपण करणाऱ्या सिस्टर नाझनीनसमोर त्यातलं अक्षरही बोलायच्या नाहीत. ती खाली आली की त्या खुर्ची सरकवायच्या, तिचे पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवायला लावायच्या आणि स्वयंपाकाच्या गप्पा मारायच्या. जाताना हळूच तिच्या पायांची सूज बघायच्या, बस.

घोडेवाला आला त्या दिवशी सकाळी आम्ही चौघंही दुकानात होतो. प्रशांतनं कॉलेजला काय सांगितलं देव जाणे. बाहेर लोक जमले होते, इमराननं शटरला झेंडूची माळ लावली होती. तो खोके फोडणार, तेवढ्यात जिन्यावरून त्याच्या अम्मीची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. नाझनीनच्या पोटात कळा येत होत्या. दिवस भरायला अजून बराच अवकाश होता.

इमरान हातात कटर घेऊन तसाच उभा राहिला.

सिस्टर तोवर अर्धा जिना चढल्या होत्या. वरूनच त्यांनी सांगितलं, आवाज जराही न चढवता, "प्रशांत, ऑटो आण दाराशी. सत्या, दुकान तू पाह्य. इमरानच्या हातातलं थे कटर काढ पयले."

मी दुपारपर्यंत घोडेवाला विकत होतो. लोक विचारत होते, कसा आहे? मी काय सांगत होतो ते मला आठवत नाही. मधे प्रशांतचा फोन आला. मुलगी झाली होती. नाझनीन बरी होती. बाळ फार लहान होतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं, डॉक्टर अजून काही सांगत नव्हते.

दुकान बंद करून मी दवाखान्यात पोचलो. जिना चढत असतानाच भांडण ऐकू आलं. एक आवाज इमरानचा, दुसरा सिस्टरचा.

"गाढवावाणी चालते थो घोडा!" सिस्टर म्हणत होत्या.

"आप ने खेला? देखा? खाली बोलना है इसलिए बोलते!"

"पाह्याची गरजच काय? अन पाणी त फिनाईलवाणी दिसते. पांढरं!"

"फिनाइल?" इमरान उठून उभा राहिला. "सिस्टर, वो पानी बनाने में उन लोगोंको बरसों लगे! वो रोशनी कैसी गिरती मालूम क्या तुमको?" आणि तो हात हलवत सांगायला लागला. घोडा उतारावर पाय कसा टाकतो, डोंगरावर सावली कशी सरकते, ते सगळं. ड्यूटीवरच्या नर्सनं दार उघडून बोट ओठांवर ठेवलं. त्यानं आवाज खाली आणला, पण थांबला नाही.

मला हे बरं वाटलं नाही. आत ते लेकरू, आणि बाहेर ही बाई गेमवरून भांडते. सिस्टर पाणी प्यायला नळापाशी आल्या तेव्हा मी म्हटलं, "सिस्टर, आज तरी सोडून द्या ना त्याला."

त्यांनी ग्लास धुतला, भरला, पण प्यायल्या नाहीत.

"मघाशी त्याले पाह्यला असता त समजलं असतं तुले," त्या म्हणाल्या. "थेथं बाकड्यावर बसला, पाय जवळ घेऊन. बोलेना, पाणी घेईना. असे लय बाप पाह्यले मी. बाईपाशी आमी असो, लेकरापाशी आमी असो. बापापाशी कोणीच नसे. दारातून आत-बाहेर करताना दिसत थे भिंतीले टेकून उभे. मनात येये, याच्यापाशी घडीभर बसाव, काईबी बोलाव. पण दुसरी बाई टेबलावर आलेली राहे. टाइमच नाही भेटला कधी."

मग त्यांनी पाणी संपवलं.

"आता मले टाइमच टाइम हाय," त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसत परत गेल्या. लगेच त्यांचा आवाज आला, "अन शेपटी? शेपटी त केरसुणीवाणी हाय त्याची!"

त्या आठवड्यात सिस्टर रोज तिथे जात होत्या. डबा न्यायच्या, नाझनीनच्या उशाशी बसायच्या आणि बाहेर आल्या की इमरानशी भांडायच्या. घोड्याच्या प्रत्येक अवयवावर त्यांनी टीका केली. टीकेला उत्तर द्यायचं म्हणून इमरान जेवायला लागला, झोपायला लागला. बाळ हळूहळू वजन धरत गेलं. मग एका दुपारी पेटीतून बाहेर आलं आणि पुढे काही दिवसांनी नाझनीन त्याला घेऊन घरी आली.

त्यानंतरच्या रविवारी इमराननं आम्हाला वर घरी बोलावलं. अम्मीनं शीरखुर्मा केला होता. एका वाटीत मध होता. बाळाला पहिली घुट्टी सिस्टरनीच द्यावी अशी अम्मीची फार इच्छा होती. "जो घुट्टी देता ना, बच्चा उसपेच जाता," त्या म्हणाल्या.

सिस्टरचा चेहरा एकदम वॉर्डातला झाला. "मध नाही, खजूर नाही, पाणी नाही. सहा महिने मायच्या दुधाबिगर थेंब जाणार नाही हिच्या पोटात. थे वाटी उचला."

अम्मी जरा हिरमुसल्या. वाटी उचलली गेली. मग नाझनीन उठली आणि तिनं बाळ सिस्टरच्या मांडीवर ठेवलं.

सिस्टरनी सवयीनं एक हात मानेखाली घातला, दुसरा पाठीखाली. आणि तेवढ्याच सवयीनं मान वर करून इकडेतिकडे पाहिलं, बाळ कोणाकडे द्यायचं म्हणून. कोणीच हात पुढे केला नाही. अम्मी स्वयंपाकघरात गेल्या होत्या, नाझनीन लोडाला टेकली होती, इमरान टीव्हीच्या तारा जोडत होता. सिस्टर थोडा वेळ तशाच ताठ बसल्या. मग पाठ सैल करून भिंतीला टेकल्या.

"कुणी घरी बोलावत नसे का हो नंतर?" मी हळूच विचारलं.

"कोण बोलावन? दारापर्यंतच आमचं काम," त्या म्हणाल्या. "नाव काय ठेवलं, थेबी नाही समजे." मग नाझनीनकडे वळून, "काय ठेवलं वं?"

"आयेशा."

सिस्टरनी ते नाव एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं.

टीव्हीवर घोडेवाला सुरू झाला. खरंच सुंदर होता तो. प्रशांत पुढे सरकून बसला, मीही सरकलो. घोडा नदीपाशी आला तेव्हा इमराननं खेळ थांबवला आणि कंट्रोलर सिस्टरच्या पुढे धरला. इतके दिवस जपून ठेवलेला तो क्षण होता त्याचा.

"लो सिस्टर. अब तुमीच चलाओ, और बोलो पानी कैसा है."

सिस्टरनी वर पाहिलंच नाही. बाळाची मूठ त्यांच्या साडीच्या काठात अडकली होती आणि त्या ती सोडवत नव्हत्या.

"तुमी खेळा बाप्पा," त्या म्हणाल्या. "माहे हात मोकळे नाही."