जनूभाऊंचा मोकळा रस्ता

अष्टमीहून रोह्याला येणाऱ्या पुलावर एक गृहस्थ रोज सायकल हातात धरून चालताना दिसायचे. सायकल धडधाकट. चाकांत हवा, साखळीला तेल, ब्रेक असे की दाबल्याबरोबर चाक जागच्या जागी खिळावं. तरी तिच्यावर ते बसत म्हणून नसत. नवख्या माणसाला कणव यायची. तो विचारायचा, "काय भाऊ, पंक्चर?"

"नाय. रहदारी हाय," म्हणून गृहस्थ चालू लागायचे.

हे आमचे शेजारी जनार्दन म्हात्रे, म्हणजे जनूभाऊ. धाटावच्या एका कंपनीत फिटर. मी रोह्याच्या शाळेत मास्तर. आमच्या बिऱ्हाडांमध्ये एकच भिंत होती, आणि तीही अशी की त्यांच्याकडे सुकट भाजली की आमच्याकडे भूक लागायची.

जनूभाऊंची रहदारीची व्याख्या कडक होती. बैलगाडी रहदारीत धरत नसत. म्हशींचा कळपही नाही. वरातीलासुद्धा माफी होती. पण हॉर्न असलेली कुठलीही वस्तू, मग ती दूधवाल्याची फटफटी का असेना, दिसली की हे खाली उतरलेच. शिफ्टला धाटावपर्यंत हातातच सायकल. कंपनीतली पोरं म्हणायची, "जनूभाऊ, ती घरी ठेवून आलात तर लवकर पोचाल."

"मंग तिला कोण फिरवील?" जनूभाऊ म्हणायचे.

रविवारी मात्र ते खरोखरीच सायकल चालवायचे. त्यासाठी रोह्याबाहेर अर्धी सकाळ पायपीट करायची, आणि अवचितगडाच्या अंगाला जंगलखात्याचा एक जुना रस्ता होता, तिथे पोचायचं. कधीकाळी त्या रस्त्यानं लाकडाचे ट्रक उतरत. पुढे एका पावसात ओढ्यावरची मोरी वाहून गेली आणि ट्रक बंद झाले. वर डोंगरात कातकऱ्यांची वाडी होती, तिथली माणसं पायीच खाली यायची. जनूभाऊ सायकल खांद्यावर घेऊन ओढ्यात उतरायचे, पलीकडे चढायचे, आणि तिथून पुढे टांग मारायचे.

"पेणच्या बाजूला माझा एक रस्ता व्हता, त्याचं डांबर झालं," ते सांगायचे. "कासूकडं एक व्हता, तिथं खडीचे डंपर आले. आता हा एकच ऱ्हायलाय, मास्तर. हा बी गेला की माझी सायकल खुंटीला."

मूळचे ते पेणच्या खाडीकडचे. बापजाद्यांचा जन्म मिठागरावर गेलेला. "आमच्याकडं सावली पायजे तर दुसऱ्या माणसाच्या मागं उभं ऱ्हावं लागतं," म्हणायचे. त्यामुळे रानाचं वेड समजण्यासारखं होतं. पण रहदारीशी उभा दावा मांडला त्याचं कारण हिरावहिनी.

हिरावहिनी त्यांची बायको. लहानपणी तापात वहिनींचे कान गेले ते गेलेच. बोलायच्याही अगदी बेतानं. लग्नानंतर एकदा पेणच्या बाजारात मागून ट्रक आला, हॉर्न वाजवून वाजवून थकला, आणि वहिनी आपल्या वांगी निवडताहेत. कुणीतरी हात धरून ओढलं म्हणून वाचल्या. त्या दिवसापासून जनूभाऊंनी सगळ्या मोटारजातीशी अबोला धरला. वहिनींना सायकलवर न्यायचं तर जिथे हॉर्नच नाही अशा वाटेनं. मी एकदा विचारलं, "अहो, पण त्या मागे नसतानाही तुम्ही का उतरता?"

"ती मागं हाय असंच धरून चालायचं. नायतर सवय मोडते," ते म्हणाले.

त्या दोघांना रानात मी एकदा पाहिलं होतं. शाळेची मुलं घेऊन गेलो होतो. कॅरिअरवर चौघडी गोधडी, तिच्यावर वहिनी, त्यांचा गाल नवऱ्याच्या पाठीला टेकलेला. जनूभाऊंचं तोंड अखंड चालू होतं. कंपनीतल्या साहेबाचं टक्कल, कोलंबीचा भाव, साडूचा कंजूषपणा. नंतर घरी मी छेडलं, "ऐकू न येणाऱ्या बाईला एवढं काय सांगत होता?"

"मी बोललो की पाठ हालते, मास्तर. तेवढं तिला पुरतं."

तर त्या दिवशी रानात मधेच वहिनींनी त्यांच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली. लगेच ब्रेक, पाय जमिनीला. हा एवढा बोलघेवडा माणूस, पण तोंडातून चकार शब्द नाही. मान वळवून नुसता हात हवेत फिरवला: काय? वहिनींनी बोट दाखवलं. उंच फांदीवर शेकरू बसलं होतं. दोघं पोटभर पाहून पुढे गेले. पुन्हा थाप, पुन्हा ब्रेक. या खेपेला नुसतं एक वारूळ होतं, पण जनूभाऊंनी ते शेकराइतकंच मन लावून पाहिलं. आमची मुलं खिदळत होती. मला मात्र, खरं सांगतो, त्यांचा हेवा वाटला.

एका पावसाळ्यात वहिनींना काविळीनं धरलं आणि गणपतीच्या आत त्या गेल्या. जनूभाऊ माझ्यासमोर रडले नाहीत. दिवस झाले, शिफ्ट सुरू झाली, आणि सायकल पुन्हा हातात धरून पुलावरून निघाली. कॅरिअरवर गोधडी तशीच. पोरांनी आता चेष्टा सोडली होती. त्यांनी चेष्टा करावी, असं उलट मलाच वाटायला लागलं.

मी रविवारी माझी सायकल घेऊन त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. पोट कमी करायचंय, असं कारण सांगितलं. माझ्या पोटाकडे पाहून ते त्यांना पटलं. ते पुढे आणि मी मागे धापा टाकत. ते बोलत असत, पण माझ्याशी नाही. तोंड समोर आणि आवाज बेताचा. मी अंतर ठेवून असायचो.

त्याच सुमारास वाडीवर वाहून गेलेली मोरी पुन्हा बांधायची बोलणी सुरू झाली. बांधकामाचा साहेब एका रविवारी वाडीत आला, नेमके आम्हीही तिथे पाणी प्यायला थांबलेलो. कुणी विचारलेलं नसताना जनूभाऊ उठले आणि मोरी कशी नको यावर त्यांनी भाषण दिलं. गाड्या येतील, धूळ येईल, शेकरं पळतील. साहेब तोंड वासून बघत राहिला. वाडीतली ठमीबाई पदर खोचून पुढे आली.

"जनूभाव, तुजी सायकल खांद्यावर जाते. अडलेली बाय कशी न्यायाची रं?"

जनूभाऊ खाली बसले. परतीच्या वाटेवर मात्र कुरकुरत होते, "इतकी वर्सं चाललंच ना?"

पाऊस ओसरता ओसरता त्याचं उत्तर मिळालं. आम्ही ओढ्याशी पोचतो तर पलीकडून चौघे जण झोळी घेऊन उतरत होते. झोळीत ठमीबाईची सून, बाळंतपणात अडलेली. ओढ्याला कमरेइतकं पाणी. सून ओरडत होती, मग ओरडायचीही थांबली. जनूभाऊंनी सायकल चिखलात टाकली आणि झोळीचा बांबू खांद्यावर घेतला. खाली मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा समोरून एक टेंपो हॉर्न वाजवत येत होता. जनूभाऊ त्याच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"थांब! ए बाबा, थांब!"

टेंपो थांबला. दवाखान्यात सून वाचली, पोटातली मुलगीही वाचली. जनूभाऊ ओल्या कपड्यांनी रस्त्याच्या कडेला बसून होते. टेंपो गेला त्या दिशेला बघत म्हणाले, "मोरी पायजे, मास्तर. मी हलकट माणूस."

त्यानंतर ते वाडीच्या माणसांबरोबर साहेबाच्या कचेरीत खेटे घालू लागले. काम निघालं तेव्हा सुट्टी काढून सळया वाकवायलाही गेले. स्वतःचा रस्ता स्वतःच्या हातानं बुजवत होते, आणि चेहऱ्यावर काही दाखवत नव्हते. काटेसावर फुलली तोवर मोरी उभी राहिली. पुढच्या सोमवारी पहिली जीप वर जायची ठरली. आदल्या रविवारी आम्ही शेवटचे निघालो.

वाडीपाशी माझ्या सायकलचा टायर टरकन फाटला. ती ठमीबाईकडे ठेवली. जनूभाऊ थोडा वेळ घुटमळले. कॅरिअरवर त्यांनी वहिनींनंतर कुणाला बसवलं नव्हतं. मग गोधडी हातानं नीट केली आणि म्हणाले, "बसा."

मी बसलो. सायकल कण्हली. उतार लागला, सावलीतून वारा यायला लागला, आणि एक गोमाशी त्यांच्या पाठीवर येऊन बसली. चावेल म्हणून मी फाडकन हात मारला.

लगेच ब्रेक लागला. पाय जमिनीला टेकला. जनूभाऊंनी मान वळवली, डोळे चमकत होते, आणि हात हवेत फिरवला: काय?

मला गोमाशी सांगता येईना. समोर सावर लालभडक फुलली होती. मी बोट दाखवलं.

ते तिकडे पाहत राहिले. मग हळूच हात खाली आला. "मास्तर, तुमी व्हय," ते म्हणाले. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा टांग मारली. पुढे बघतच म्हणाले, "उतार हाय तवर अजून एक-दोन डाव मारा. उद्यापासनं हिकडं गाड्या."

पुढच्या वळणावर मी थाप मारली. सायकल थांबली. त्यांनी हात फिरवला, मी बोट दाखवलं. तिथे काहीच नव्हतं, नुसतं रान होतं. ते बराच वेळ बघत उभे राहिले.