विचारणाऱ्या कुसुमताई

एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला कुसुमताई गाव विचारण्याआधी पाळीचं विचारत. "चालू हाय का गेली?" बाई आधी खिडकीबाहेर बघायची. पण उतरण्याआधी तिची सगळी हकिकत कुसुमताईंच्या पदरात पडलेली असायची.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी नवी डॉक्टर. वर्ध्याच्या एका दवाखान्यातर्फे आम्ही पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांचा अभ्यास करत होतो. गावोगाव प्रश्न विचारायचे, रक्त घ्यायचं, त्यातले हार्मोन तपासायचे. कुसुमताई तिथल्या जुन्या नर्स. पन्नाशीच्या, विधवा, वर्ध्याजवळ पिपरी मेघ्यात एकट्या राहणाऱ्या. कागदोपत्री त्या माझ्या मदतनीस होत्या. प्रत्यक्षात त्यांची पिशवी मी धरायची.

अल्लीपूरला मी फॉर्ममधला प्रश्न वाचला, "रजोनिवृत्तीनंतर कामेच्छेत घट जाणवते काय?"

समोरची बाई म्हणाली, "आमी कापूस पेरतो, बाई. हे नाई पेरत."

कुसुमताईंनी फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला. "पाळी गेल्यावर नवऱ्याजवळ जावं वाटते का नाई? लाजाचं काम नाई, लिवाचं काम हाय." ओसरीतल्या सात-आठ जणी पदरात हसल्या, आणि मग एकीचं ऐकून दुसरी बोलत गेली.

रक्त द्यायला मात्र कोणी पुढे येईना. कुसुमताई म्हणाल्या, "हार्मोन म्हणजे रगतातलं टपाल. वय झालं का टपाल कमी येते, म्हणून आंग भडकते. किती चिठ्ठ्या येऊन राह्यल्या, तेवढंच पाहाचं." मला कॉलेजात इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.

पहिला हात त्यातल्या सगुणाने पुढे केला. ती ऐन थंडीत घामेजायची, पांघरूण फेकून द्यायची. घरच्यांनी बाहेरची बाधा झाली असं ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात तिचा नवरा आला.

"माह्या बायकोले काऊन असं इचारून राह्यल्या तुमी?"

"बसा भाऊ, तुमाले बी इचारतो. तिच्या आंगातून वाफा निघते, हे माईत हाय तुमाले?"

तो ओसरीच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "मले वाटे, माह्यावर रुसली."

पुढच्या फेरीला गेलो तेव्हा तो ओसरीवर सगुणासाठी बांबूचा पंखा विणत बसला होता.

अभ्यासाचं काम संपल्यावर एका रविवारी मी सगुणाचा रिपोर्ट द्यायला अल्लीपूरला गेले. कुसुमताई आधीच तिथे होत्या. दोघी तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि प्रश्न सगुणा विचारत होती. मी दारातच थांबले.

"तुमची कधी गेली, ताई?"

"दोन सालं झाले."

"मंग आंग भडकते तवा काय करता?"

"भिंतीले पाठ लावून बसतो. थंड लागते."

"आन् कोणाजवळ जावं वाटते का?"

कुसुमताईंच्या बोटातली शेंग तशीच राहिली. इतक्या वर्षांत इतक्या बायकांना त्यांनी विचारलं होतं. त्यांना कोणी विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"वाटते," त्या हळू म्हणाल्या. "वाटते न, बाई."

सगुणाने आपल्यापुढच्या शेंगा त्यांच्याकडे सरकवल्या. मग दोघींना मी दिसले.

"कुसुमताई, तुम्ही इथे?"

"येतो मी अधीमधी," त्या म्हणाल्या आणि मला बसायला जागा केली.

मी रिपोर्ट समजावून सांगितला, चहा घेतला. पाचच्या एसटीची वेळ झाली तशी उठले. कुसुमताई उठल्या नाहीत.

"तुमी व्हा पुढं, डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या. "मी सहाच्या गाडीनं येतो."