वामनरावांची बाग

वामनराव मोघे आमच्या घरात चपला घालून फिरत. ओसरीत, माजघरात, स्वयंपाकघरात, आणि एकदा तर थेट देवघराच्या उंबऱ्यापर्यंत. बरं, माणूस बेशिस्त म्हणावा, तर तसंही नाही. लल्लन पानवाल्याच्या दुकानाच्या फळीवर टेकतानासुद्धा त्यांचे पाय आपोआप चपलांतून बाहेर येत. फक्त आमच्याकडे येत नसत.

"वामनराव, चपला!" आई चुलीपासून ओरडायची.

"वहिनी, बागेत कोणी चपला काढतं का? काटा लागेल."

आता इथे मला खुलासा केलाच पाहिजे. आमचं घर ही एक बाग होती. तुम्ही आला असतात तर तुम्हाला ती दिसली नसती. तुम्हाला दिसलं असतं रामघाटावरच्या एका अरुंद गल्लीतलं, पोक आलेलं दुमजली घर, त्यात माझी आई, मी आणि आमच्या चुलीचा धूर. पण शहराच्या मोठ्या नक्शात तिथे घर नव्हतं. तिथे 'प्रस्तावित उद्यान' होतं.

झालं होतं असं. देश स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांनी वरच्या लोकांच्या लक्षात आलं, की काशी हे शहर आजवर नक्शाशिवायच चाललंय. हे काही बरं नाही. लगेच एक दफ्तर उघडलं. कुठे घरं असावीत, कुठे बाजार, कुठे रस्ता रुंद व्हावा, हे सगळं तिथे कागदावर ठरू लागलं. घरं पिवळी, बाजार निळे, बागा हिरव्या. हे रंग भरायला जे नक्शानवीस होते, तेच आमचे वामनराव. रामघाटाच्या कागदावर सगळीकडे पिवळंधमक होतं, आणि मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा एक हिरवा ठिपका. तो ठिपका म्हणजे आम्ही.

"कुणाच्या तरी ब्रशातून थेंब पडला असेल," असं अख्खी गल्ली म्हणायची. वामनराव एवढंच म्हणत, "नक्शात आहे म्हणजे आहे."

तो नक्शा महिनाभर दफ्तरात लोकांच्या हरकतींसाठी टांगला होता. हरकत एकच आली. त्या खिळ्याला आधी शिपाई आपला गमछा वाळत घालायचा. ती फेटाळण्यात आली, सही-शिक्का झाला, आणि आम्ही बाग झालो.

वामनराव समोरच्याच घरात वरच्या मजल्यावर एकटे राहत. त्यांची खिडकी आणि आमची भिंत यांच्यात एका हाताचं अंतर. खिडकीतून हात बाहेर काढला तर आमचा चुना बोटाला लागे. बारीक अंगकाठी, टोपीखाली कानामागे कायम एक ब्रश. सकाळी सातला चहाला आमच्याकडे यायचे, बसायचे, आणि खोल श्वास घेऊन म्हणायचे, "वा! सकाळी सकाळी बागेत यायचं सुख वेगळंच."

आणि समोर आमची आई, धुरानं डोळे चोळत.

दफ्तरात निघाले की लल्लन दुकानातून हाक मारायचा, "का मोघेजी, आज केके हरियर करत हउवा?" आज कोणाला हिरवं करताय, म्हणून. वामनराव चिडत नसत. "तुझं दुकान निळं आहे लल्लन, निश्चिंत राहा," असं सांगून चालू लागत. माणसांनासुद्धा ते रंगानंच ओळखत. मी नोकरीला होतो त्या बँकेच्या मॅनेजरांविषयी म्हणायचे, "सज्जन माणूस. पण राहतो जांभळ्यात. म्हणजे कारखान्यात. उठवणार त्याला."

आता बाग म्हटली की तिची सुधारणा आली. एके दिवशी दफ्तरानं आमच्या बागेसाठी दोन लोखंडी बाकं पाठवली. ती गल्लीच्या तोंडाशीच अडकली. पुढे जाईनात, मागे येईनात. दोन तास एक सांड पलीकडे आणि शववाहकांची एक तिरडी अलीकडे खोळंबली. शेवटी बाकं नावेत घालून रामघाटाला आणली आणि पायऱ्यांवरून वर चढवून आमच्या ओसरीत ठेवली. आई त्यांवर पापड वाळत घालू लागली. सोबत एक पाटी होती, 'फूल तोड़ना मना है'. वामनरावांनी ती स्वहस्ते देवघराच्या दाराशी ठोकली. आई रोज कुंडीतली जास्वंद तोडून त्या पाटीखालून देवघरात शिरायची आणि वामनराव मान फिरवून घ्यायचे. "मी पाहिलं नाही, वहिनी."

मग माळी आला. रामधारी त्याचं नाव. दारात उभा राहून म्हणाला, "माईजी, बगइचा कहाँ बा?"

आईनं त्याला तुळस दाखवली.

त्यानं तुळशीला पाणी घातलं. काम संपलं. दिवस उरला. मग सरकारी बाकावर बसून त्यानं आईला मटार सोलून दिले. पुढची सहा वर्षं तो रोज येत होता. काशीत सरकारी माळ्याकडून मटार सोलून घेणारी माझी आई एकटीच असावी.

तुम्ही हसताय. मीही हसायचो. पण एका वर्षी मागच्या बैठ्या स्वयंपाकघराची तुळई वाकली आणि हसू थांबलं. वर पटियांचं, म्हणजे लांबलचक दगडी फरश्यांचं छत, खाली दिवसाचे आठ तास आई. तुळई बदलायची तर दफ्तरातून घराचा नक्शा पास व्हायला हवा, आणि त्याशिवाय मिस्त्री हात लावीना. मी अर्ज केला. उत्तर आलं, 'उद्यानात छत प्रस्तावित नाही.'

मी म्हटलं, असं असेल तर नवीन वसाहतीत घर तरी द्या. योजनेत ज्यांची घरं जातात त्यांना देतात ना? त्याचं उत्तर वामनरावांनी मला स्तोत्र म्हणावं तशा सुरात वाचून दाखवलं. जागा उद्यानाची आहे. उद्यानात कोणी राहत नाही. म्हणजे अर्जदार अन्यत्र राहतो. म्हणजे अर्जदाराला घर आहे. सबब घर देण्याची गरज नाही.

"बघ दिनू," ते म्हणाले, "कुठे फट आहे का यात?"

फट छतात होती.

"काका, आईच्या डोक्यावर पडेल हो ते!"

ते जरा चुळबुळले. मग त्यांचा चेहरा उजळला. "लतामंडप! बागेत छत चालत नाही, पण लतामंडप चालतो. तसा अर्ज कर."

केला. पंधरा दिवसांत मंजूर! आमचं स्वयंपाकघर लतामंडप झालं. मात्र अट अशी, की खांब-तुळयांना हात न लावता आधी त्यावर वेल चढलेला दिसला पाहिजे. पाहणी होईल, मग पुढचं. रामधारीला सहा वर्षांत पहिल्यांदा खरं काम मिळालं. त्यानं छतावर माती टाकून दोडका लावला आणि रोज सकाळ-संध्याकाळ मन लावून बादल्याच्या बादल्या ओतू लागला. वेल झकास फोफावला. दोडके लागले. आणि ते सगळं पाणी झिरपत झिरपत गेलं कुठे, तर तुळईत.

त्या दिवशी सकाळी वामनराव नेहमीप्रमाणे बागेत आले होते. आई पोळ्या लाटत होती. "वहिनी, चहा," ते म्हणाले. आई लाटणं ठेवून उठली, चार पावलं आली, त्यांच्या हातात कपबशी दिली. आणि मागे कड् असा आवाज झाला. धूळ खाली बसली तेव्हा दिसलं. छताची एक अख्खी पटिया आईच्या पाटावर पडली होती. पोळपाटाचे दोन तुकडे. वर दोडक्याचा वेल आणि त्याच्या मागे आकाश.

आईनं केसांतला चुना झटकला. आवाज चढवला नाही.

"वामनराव, हे नक्शात होतं का?"

त्यांनी पोळपाटाकडे पाहिलं. मग आमची कपबशी तशीच हातात घेऊन, चहा सांडत, ते बाहेर पडले.

दुपारी मी तावातावानं त्यांच्याकडे गेलो. कपबशी आणायला, असं आईला सांगितलं. खरं म्हणजे भांडायला. इतक्या वर्षांत त्यांच्या खोलीत मी पहिल्यांदाच शिरत होतो. खिडकीशेजारच्या भिंतीवर रामघाटाच्या नक्शाची एक जुनी प्रत लावलेली होती. त्यात आमचा ठिपका होता. पण तो ठिपका नव्हताच. जवळ जाऊन पाहिलं तर अगदी बारीक ब्रशानं काढलेलं झाड होतं. पानं होती, हजारांनी. दाण्याएवढी जागा कधीच पुरली नसणार. फांद्या आजूबाजूच्या पिवळ्या घरांवर पसरल्या होत्या.

"थेंब नव्हता पडला," वामनराव म्हणाले. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

ते खिडकीतून आमच्या भिंतीकडे पाहत होते.

"आमची सुमती गुहागरकडची. नारळी-पोफळीतून उचलून आणलं तिला, आणि या खिडकीत उभं केलं. समोर तुमची भिंत. तक्रार नाही केली कधी. एकदाच म्हणाली, इथून एक झाड दिसलं असतं तर. मी काय माळी होतो? मला रंग भरता येत होता. वाटलं, साहेब पकडतील. कोणी पकडलं नाही. मग घरी ही प्रत आणून लावली. ती रोज विचारायची, किती वाढलं? मी एक पान काढायचो."

काकू लग्नानंतर चौथ्या वर्षीच गेल्या, एवढं आईकडून मी ऐकलं होतं. भिंतीवरचं झाड चार वर्षांवर थांबलेलं नव्हतं.

मी भांडलो नाही. कपबशीही विसरलो.

दुसऱ्या दिवसापासून वामनराव चहाला आले नाहीत. लल्लन सांगायचा, मोघेजी दफ्तरात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे कागद घेऊन फिरताहेत. त्या कागदावर त्यांनी लिहून दिलं होतं, की रामघाटाचा हिरवा ठिपका ही त्यांची स्वतःची चूक आहे, जाणूनबुजून केलेली. साहेबांनी त्यांना चार लोकांदेखत फैलावर घेतलं म्हणे. मग जुना कागद काढला, आणि वामनरावांनी ब्लेडनं तो हिरवा रंग स्वतःच्या हातानं खरवडला आणि तिथे पिवळा भरला.

आमचा नक्शा पास झाला. नवी तुळई आली, नवं छत आलं. दोडका उपटला गेला. रामधारीची बदली झाली. जाताना तो ओसरीत उभा राहून ढसाढसा रडला. "माईजी, बगइचा उजड़ गइल!" आईनं त्याला डबाभर पापड बांधून दिले.

काम पुरं झाल्याच्या आठवड्यात एका सकाळी, बरोबर सातला, दारावर थाप पडली. आमच्या दारावर थाप मारून कोणी येत नसे. दार उघडंच असायचं. मी पाहिलं तर बाहेर वामनराव. हातात आमची कपबशी, घासून लख्ख केलेली. कानामागे ब्रश नव्हता. चपला त्यांनी पायरीखाली, गल्लीत, एकीला एक लावून नीट काढून ठेवल्या होत्या.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "घरात येऊ का?"

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. तिनं त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग चपलांकडे.

"चपला घालून या, वामनराव," ती म्हणाली. "काटा लागेल."