निळ्या काचेतून पाहिलेली सुरी

"अवो, छत्तीस वर्षं पोलाद वितळवलं मी! एक सुरी नाही बनवता येनार मले?"

आनंदरावांनी हे जाहीर केलं आणि कलावतीबाईंनी, नवऱ्याला पुरत्या ओळखून असल्यामुळे, भाजल्यावर लावायचं मलम आधीच काढून ठेवलं.

कारण तसं हळवं होतं. लेक उन्नती पुण्याला नवा संसार मांडायला निघाली होती, आणि तिला आजोबांच्या वावरातलं काहीतरी द्यावं असं आनंदरावांना वाटत होतं. भंडाऱ्याकडचं ते वावर कधीच विकलं गेलं. उरली होती फक्त वखराची पास, म्हणजे मातीतून फिरणारं लोखंडी पातं. तेही टोकं मोडून वीतभर राहिलेलं! वजन पडावं म्हणून लहानपणी आनंदरावांना त्या वखरावर बसवत, आणि बाप मागून ओरडे, "हालू नको बे, तूच माहा धोंडा!" ती पास हातात घेतली की त्यांना अजून ते ओरडणं ऐकू येई.

चार दिवस घासून सुरीचं पातं तयार झालं. आता ते लाल तापवून तेलात बुडवायचं, की झालं कडक! सेक्टर सहाच्या क्वार्टरामागच्या अंगणात शेगडी पेटली. भाता नव्हता, म्हणून उन्नतीचा केस वाळवायचा ड्रायर आला. तो धरायला शेजारचे बाबुलाल आले. तेही आनंदरावांच्या पोलाद प्लांटातूनच रिटायर झालेले, पण कँटीनमधून! तीस वर्षं पोहे आणि भजी.

आनंदरावांनी ट्रंकेतून आपली निळी काच काढली. भट्टीत डोकावताना डोळे दिपू नयेत म्हणून वापरायची ती काच डोळ्यांना लावताच त्यांची छाती फुगली. तो उजेड, ती धग, ते सोबती! पुन्हा ड्यूटीवर आल्यासारखं वाटलं त्यांना.

"आनंदराव, लाल झालं, काढ!" बाबुलाल म्हणाले.

"कुठी लाल? काळंच दिसून राहिलं! हवा मार!"

"अबे, पिवळं झालं!"

"तुले भज्यातलं समजते, पोलादातलं मले! हवा मार!"

सोळाशे डिग्रीचा रस पाहण्यासाठीच्या काचेतून शेगडीतलं पातं काळं दिसणार नाही तर काय! तिकडे शेगडीतून दिवाळीच्या फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या, ड्रायरचं तोंड वितळून लोंबू लागलं, आणि कलावतीबाई पाण्याची बादली घेऊन धावत आल्या.

"बाबा, काहून जाळून राहिले ते पातं?" उन्नती दारातून ओरडली.

आनंदरावांनी काच काढली, चिमटा ओढला. चिमट्यात दोन बोटांएवढा तुकडा! बाकीचं पातं निखाऱ्यात जळून, गळून त्याची काळी ढेप झाली होती.

आनंदराव पायरीवर बसले. "बाबाच्या वावरातलं तेवढंच होतं बेटा," ते म्हणाले आणि त्यांना सरळ रडू आलं. धुराचं निमित्तही त्यांनी सांगितलं नाही.

उन्नती त्यांच्याजवळ बसली. "उरलं तेवढं द्या ना. मले तेच पाहिजे."

मग उरलेल्या तुकड्याला घासूनपुसून धार आली. या वेळी काच ट्रंकेतच राहिली. बाबुलालनी भजी पाहावीत तसं निखाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता!" आनंदरावांनी मुकाट्याने तुकडा तेलात बुडवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कँटीनचा हुकूम पाळला!

महिन्याभराने पुण्याहून फोन आला.

"बाबा, तुमची सुरी रोज वापरून राहिली मी! तिच्याबिगर सकाळच होत नाही आमची!"

आनंदरावांनी फोनचा स्पीकर मुद्दाम मोठा केला. बाबुलाल समोरच बसले होते. "आयकलं? रोज! अन् काय कापते बेटा तिनं?"

"दुधाच्या पिशवीचा कोपरा!"