शेवटचं कोण?

कामाग्वे शहरातल्या त्या दवाखान्यात दातांच्या दालनात शिरणारा माणूस आधी विचारतो, "शेवटचं कोण?" कुणीतरी हात वर करतं. नवा माणूस तो चेहरा लक्षात ठेवतो, त्याच्या मागे नंबर धरतो आणि खुशाल कॉफी पिऊन येतो. ही रांग कुणाला दिसत नाही, पण मोडतही नाही.

दवाखान्याचे प्रोग्राम लिहिणाऱ्या मायेलिनने ती संगणकावर आणली आणि पहिल्याच दिवशी रांग उलटी चालू लागली.

नुकती टेकलेली शिक्षिका लगेच आत गेली. तिच्यामागून आलेला सायकलरिक्षावालाही गेला. पहाटे सगळ्यांच्या आधी आलेला विफ्रेदो मात्र सुजलेला गाल धरून बसून राहिला. तासाभरात लोकांना मेख कळली. जो तो बाहेर जाऊन नव्याने नाव देऊ लागला. "शेवटचं कोण?" म्हणताच अर्धं दालन हात वर करी.

"पोरी," विफ्रेदो मायेलिनला म्हणाला, "सगळा जन्म रांगेत गेला माझा. शेवटचं होण्यासाठी भांडणारी माणसं आज बघतोय."

"मग तुम्हीही परत नाव द्या की," नोंदणीवरची नियुर्का म्हणाली.

"पहाटे उठून आलो तो शेवटचा व्हायला?"

तेवढ्यात आतून निरोप आला, भुलीची इंजेक्शनं संपत आलीत.

मायेलिनला चूक सापडली. बाबा गेले त्या आठवड्यात तिने हे काम पुरं केलं होतं. रांगेऐवजी चळत रचली होती: नवं नाव वर ठेवायचं, वरूनच उचलायचं. सगळं नव्याने लिहायला वेळ नव्हता. तिने शेजारी दुसरी, रिकामी चळत मांडली. पहिलीतलं एकेक नाव उचलून तिच्यावर ठेवत जायचं, म्हणजे तळाचं आपोआप वर येतं. पुकारा आता दुसरीतून होणार होता.

तिने कळ दाबली.

"एवेलिओ बारोसो," भोंगा म्हणाला.

नियुर्काने मान खाली घातली. काही महिन्यांपूर्वी, प्रोग्राम तपासताना, बाबा शेजारी बसून म्हणाले होते, "पहिलं माझंच घाल, दाढ ठणकतेय." ते नाव पुसायला नंतर मायेलिनचा हात धजला नव्हता. इतके दिवस ते तळाशी बिनबोभाट पडून होतं.

बाबांचा डॉमिनोच्या खेळातला जोडीदार विफ्रेदो गाल धरून उठला.

"तो जरा बाहेर गेलाय," त्याने दालनाला सांगितलं. "त्याच्या मागे मी."

आणि तो आत गेला.

मायेलिनने बाबांचं नाव पुन्हा पहिल्या, आता रिकाम्या चळतीवर ठेवलं, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी. दारातून एका बाईने विचारलं, "शेवटचं कोण?" आता एकही हात वर होईना.

मायेलिनने हात वर केला.

"एवेलिओ," ती म्हणाली. "त्यांच्या मागे बसा. ते कुणाचा खोळंबा करत नाहीत."