नव्याण्णव टक्क्यांवरचं दूध

वेताळपिंपरीच्या सहकारी दूध संस्थेचा कॉम्प्युटर रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कुणालाही न विचारता काळा पडला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढंच उमटलं : 'पार्श्वभूमीत काम चालू आहे. कृपया थांबा.' पुणतांब्यापासून कोसभरावर असलेल्या या गावात सरकारी, निमसरकारी आणि सहकारी अशी बरीच कामं वर्षानुवर्षं चालू होती, पण पार्श्वभूमीत चालू असलेलं हे पहिलंच.

संस्थेचे सेक्रेटरी सहादेव यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि रांगेला सांगितलं, "मागं काम चालूय म्हनतंय."

रांगेत चाळीस-बेचाळीस किटल्या होत्या. दगडाबाई ही म्हातारी कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणारी नव्हे. तिनं किटली खाली ठेवली, इमारतीला वळसा घातला आणि परत येऊन जाहीर केलं, "मागं कुनी बी न्हाई. एक कोंबडी हाय, ती बी बसूनच हाय."

सहादेव बावीस वर्षं दूध घेत होते. बोटावर थेंब घेऊन फॅट सांगणारा माणूस. पॉइंटाचाही फरक पडायचा नाही. पण तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या दूध संघानं यंत्र दिलं, तेव्हापासून बोलायचं काम यंत्राकडे आणि मान हलवायचं सहादेवांकडे आलं होतं. खोटं कशाला बोला, त्यांनाही ते सोयीचंच होतं. फॅट कमी लागली की शिव्या यंत्र खायचं.

रांगेत तिसरी उभी होती पुष्पावती, आणि तिचा तो अठ्ठ्याऐंशीवा दिवस होता. संघाचा नियम असा की सलग नव्वद दिवस दूध घालील तो क्रियाशील सभासद, आणि क्रियाशील असेल त्यालाच संचालक मंडळाच्या निवडणुकीचा अर्ज भरता येतो. मधे एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा एकपासून. मंडळात बायकांसाठी दोन जागा राखीव होत्या आणि त्या दोन्ही जागांवर बायकांच्या वतीनं त्यांचे नवरे बसत. पुष्पावतीनं ठरवलं होतं, मंगळवारी नव्वद भरले की बुधवारी अर्ज, आणि खुर्चीवर आपण स्वतः. बुधवार हा अर्जाचा शेवटचा दिवस होता.

"भाऊजी, हुईल ना?" तिनं विचारलं.

"व्हईल की वहिनी. चालूय म्हनतंय."

तेवढ्यात कानिफनाथ पुढं झाला. याच्याकडची गाय दोन वर्षांपूर्वीच गेली होती, पण सभासदत्व शाबूत होतं, आणि पेपर वाचायला अन् सल्ला द्यायला तो रोज सहाच्या ठोक्याला हजर. "काय बी चालू न्हाई. झोपलंय ते," असं म्हणून त्यानं वायर उपसली, फुंकर मारली आणि पुन्हा खोचली. आमच्याकडे टीव्ही, पंखा, पाण्याची मोटर आणि चुलतभाऊ हे सगळे याच उपायानं ताळ्यावर येतात. यंत्र आलं नाही. उलट यंत्रानं आपलं काम पहिल्यापासून सुरू केलं.

आठला दोन मिनिटं कमी असताना ते उठलं. आठला निघणारा टँकर ड्रायव्हर नूरमहंमदनं थोडा थांबवून कसाबसा भरला, कोपरगावचा रस्ता धरला आणि पुष्पावतीच्या पावतीवर अठ्ठ्याऐंशी पडले. पण गावाचा संताप झाला होता. उशीर झाला म्हणून नव्हे. उशिराची आपल्याला सवय आहे. काय चाललंय ते कळलं नाही, याचा.

चेअरमन श्रीमंतराव यांनी संघाला फोन लावला. "साहेब, काम करा, न करा, आमचं काय बी म्हननं न्हाई. पन सभासदाला माहिती पायजे!"

हे वाक्य संघाच्या जिव्हारी लागलं. त्याच संध्याकाळी 'प्रगतीविषयक माहिती : स्वरूप व मात्रा' या विषयावर तातडीची समिती बसली. इतकी तातडी संघानं यापूर्वी फक्त अभ्यास सहलीच्या वेळी दाखवली होती. समितीत तीन मतं पडली. पहिलं, सभासदाला काहीच दाखवू नये, कारण त्याला कळत नाही. दुसरं, सगळंच दाखवावं, कारण तरीही त्याला कळणार नाही. तिसरं, त्याला बरं वाटेल एवढं दाखवावं. तिसरं मत टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं.

आता ही माहिती यंत्रात घालायची तर यंत्र अद्ययावत करायला हवं. म्हणून सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ते पुन्हा काळं पडलं. पण या खेपेला त्यावर टक्के होते.

काय सांगावं तो आनंद! बारा टक्के झाले, एकतीस झाले. लोक किटल्या सोडून खिडकीशी जमले. दगडाबाईला आकडे वाचता येत नव्हते, तिला बाकीचे ओरडून सांगत होते. अठ्ठावन्न टक्के झाले तेव्हा कुणीतरी चहा सांगितला. आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते चोपन्न झाले.

"आरं, मागं कसं आलं?"

"कुनी हात लावला?"

श्रीमंतराव लाल झाले. "आपल्या संस्थेच्या अहवालात पंधरा वर्सांत एक बी आकडा मागं आलेला न्हाई! ह्यो कसा आला?" त्यांनी पुन्हा फोन लावला.

आठला एक मिनिट कमी असताना दूध घ्यायला सुरुवात झाली. एकोणनव्वद. पुष्पावतीनं पावती पदराच्या गाठीत बांधली.

संध्याकाळी संघाचं परिपत्रक निघालं. टक्केवारी मागे येणं ही सभासदांच्या मनोधैर्यास बाधक बाब असल्यानं यापुढे टक्केवारी कोणत्याही परिस्थितीत कमी होणार नाही, मग प्रत्यक्षात काहीही होवो. दुसरं, कामाचा प्रत्येक टप्पा शब्दांत दाखवला जाईल व सेक्रेटरींनी तो भोंग्यावरून वाचून दाखवावा. तिसरं, माहिती मिळाल्याची पोच म्हणून हजर सभासदांनी प्रत्येक टप्प्याला अंगठा लावावा. सर्वांचे अंगठे होईपर्यंत यंत्र पुढं सरकणार नाही. आणि या सगळ्या सुधारणा अर्थातच मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी यंत्रात घालण्यात येतील.

मंगळवारी वेताळपिंपरी इतकी माहितगार झाली की विचारू नका.

"टप्पा एक," सहादेव भोंग्यावरून वाचू लागले. "तयारीची तयारी पूर्ण झाली आहे."

बेचाळीस अंगठे लागले. म्हणजे लावले, लागले नाहीत. पहाटे धारा काढून, शेण भरून, वैरण तोडून आलेल्या अंगठ्यांवर रेषा उरतात कुठं? यंत्र प्रत्येकाला तीन संधी देई आणि मग 'सभासदाने माहिती नाकारली' अशी नोंद करून पुढं जाई. झटक्यात लागणारे अंगठे दोनच : श्रीमंतरावांचा आणि कानिफनाथचा. अगदी लोण्यासारखे स्वच्छ.

"टप्पा चार. जुन्या माहितीला नव्या माहितीची माहिती देण्यात आली आहे."

"बरं झालं," दगडाबाई म्हणाली. "न्हाईतर तिला वाईट वाटलं असतं."

सात वाजून चाळीस मिनिटांनी नव्याण्णव टक्के झाले. टाळ्या पडल्या. आणि तिथंच आकडा अडून बसला. मागं यायला परवानगी नव्हती आणि पुढं जायला काही कारण नसावं.

पावणेआठला पुष्पावती खिडकीशी आली. "भाऊजी, माझं दूध हातानं घ्या. कपाटात लॅक्टोमीटर हाय, जुनी वही हाय. तुमचं बोट हाय. आज नव्वदावा हाय माझा."

सहादेवांना ते माहीत होतं. कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला होती. पण नियम सांगतो, वहीवर दूध घ्यायचं ते 'यंत्र बंद असल्यास'. रविवारी यंत्र बंद आहे असं बेधडक लिहिता आलं असतं. काळा पडदा, कोण नाही म्हणतंय? आज ते बंद आहे असं कोणत्या तोंडानं लिहायचं? अख्ख्या गावासमोर, भोंग्यावरून, ते प्रगती करत होतं.

तरीही त्यांचा हात किल्लीकडे गेला. मग नजर स्क्रीनकडे गेली.

"एकच टक्का राह्यलाय वहिनी," ते म्हणाले.

"आता काय, झालंच!" मागून दहा जण म्हणाले. "नव्याण्णवावर आल्यावर कुनी उठतं व्हय?"

"भाऊजी, दूध टक्क्यासाठी थांबत न्हाई. वैशाख हाय."

"एकच टक्का वहिनी."

आठ वाजले. नूरमहंमदनं हॉर्न दिला, मग स्वतःच खाली उतरून, "कितीवर आलं?" म्हणत खिडकीत डोकं घातलं आणि वीस मिनिटं हलला नाही. शेवटी साडेआठला रिकामा टँकर घेऊन निघताना त्यानं सहादेवांना बजावलं, "झालं की फोन करा हां, चैन पडायचं न्हाई." पुष्पावती मात्र पावणेनऊला किटली उचलून घरी गेली आणि चूल पेटवून दूध आटवायला बसली. नऊला श्रीमंतराव शेवटच्या टप्प्याच्या अंगठ्यासाठी न थांबता मीटिंगला गेले. बाकीच्यांची दुधं किटलीतच नासली, पण हलला कुणी नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी शंभर टक्के झाले. फटाके वाजले. स्क्रीनवर या अद्ययावतीकरणातली नवीन सुविधा जाहीर झाली : 'प्रगतीपट्टीचा रंग हिरव्याऐवजी पोपटी करण्यात आला आहे.'

मंगळवारी एका थेंबाचीही नोंद नसल्यानं यंत्रानं सगळ्या सभासदांचे सलग दिवस शून्यावर आणले. पण क्रियाशील सभासद नाहीत तर निवडणूक कशी घ्यायची? संघानं त्याच दुपारी तोडगा काढला : त्या दिवशी दुधाऐवजी प्रगतीतला सहभाग ग्राह्य धरावा, आणि ज्यानं प्रत्येक टप्प्याला पोच दिली तो क्रियाशील समजावा. अशी पोच देणारा सबंध गावात एकच सापडला. बुधवारी कानिफनाथनं अर्ज भरला आणि दुपारी तो बिनविरोध निवडून आला, चेअरमनपदासह. सत्काराला उत्तर देताना त्यानं सभासदांना मोठ्या स्क्रीनचं आश्वासन दिलं. श्रीमंतरावांनीही नाइलाजानं टाळ्या वाजवल्या, आणि गाव मनापासून खूश झालं.

गुरुवारी सकाळी पुष्पावती किटली घेऊन रांगेत तिसरी उभी होती. बुधवारची पावती तिच्या हातात होती, तिच्यावर दिवस 'एक' पडला होता.

"भाऊजी, एक हिशेब सांगा. नव्वदातले एकोणनव्वद म्हंजी किती टक्के?"

सहादेवांनी सवयीनं कॅल्क्युलेटर दाबला. "अठ्ठ्याण्णव पूर्णांक... म्हंजी नव्याण्णवच धरा."

"मंग मी बी नव्याण्णवावरच हुते की. मशीनच्या एका टक्क्यासाठी दुपारपत्तूर थांबला, आन् माझ्या एकासाठी किल्ली फिरंना झाली?"

सहादेवांना लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोच स्क्रीन पोपटी झाली : 'प्रगतीविषयक माहितीबद्दल आपण किती समाधानी आहात? तारे दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.' मागं चाळीस किटल्या होत्या. त्यांनी पाच तारे दिले.

"लिवा आता," पुष्पावती हसून म्हणाली. "दोन. लई न्हाईत, अठ्ठ्याऐंशीच राह्यले. आन् ती वही जरा वर काढून ठेवा."

तुम्ही हसताय ना? हसा. फक्त एवढं आठवून सांगा : परवा तुम्ही मोबाईलवरच्या त्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे टक लावून बसला होतात, तेव्हा शेजारी उभं राहून घरातलं कुणीतरी दोनदा काहीतरी म्हणालं. तुम्ही मान वर न करता सांगितलंत, "एक मिनिट, होतच आलंय." काय म्हणत होतं ते?